लेकीच्या डबीतला कोळी, आईच्या पोटातली गोष्ट

पत्र थोडक्यात असं:

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या आईने लिहिलंय. मुलगी अकरावी सायन्सला. दिवाळीच्या सुट्टीत तिने साठवलेल्या पैशांतून, घरात न विचारता, ऑनलाइन ओळख झालेल्या एका विक्रेत्याकडून टॅरँटुला ह्या मोठ्या केसाळ कोळ्याची तीन पिल्लं मागवली. ती कुरिअरने आली. एकेक पिल्लू करंगळीच्या नखाएवढंही नाही. विक्रेत्याने नाव सांगितलं ‘मेक्सिकन रेड नी’. बिल नाही, कागद नाही. तेव्हापासून सासूबाई मुलीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. वडील ‘करू दे गं’ म्हणून मोकळे. मुलगी पिल्लांना घरातलीच बारीक झुरळं पकडून घालते आणि एका वहीत रोज काहीबाही लिहिते.

गेल्या महिन्यात सोसायटीचं पेस्ट कंट्रोल झालं. ‘माझ्या खोलीत फवारू देऊ नकोस’ असं मुलगी क्लासला जाताना सांगून गेली होती. आई लिहितात, “मी मुद्दाम नाही केलं, पण त्या माणसाला अडवलंही नाही.” दोन दिवसांत दोन पिल्लं मेली. आपण पाणी जास्त घातलं म्हणून ती गेली, असं मुलीने धरलंय. वहीतही तसंच लिहिलंय. आता तिसऱ्या पिल्लानेही तीन आठवडे झाले खाणं सोडलंय आणि बिळाचं तोंड बंद करून ते आत बसलंय.

“तिला खरं सांगू का? की हेही जाऊ दे, म्हणजे विषयच संपेल? नाहीतर गुपचूप येऊरच्या जंगलात सोडून येऊ? आणि सोळा वर्षांच्या मुलीने मैत्रिणी सोडून रात्री कोळ्याच्या डबीसमोर बसणं बरं का?”

*

ताई,

आधी तिसऱ्या पिल्लाचं बघू, कारण तुम्ही ते गेल्यात जमा धरलंय आणि मला ती घाई वाटते. टॅरँटुलाच्या पिल्लाने खाणं सोडणं आणि माती व रेशमाने बिळाचं दार लिंपून घेणं, ही बहुतेक वेळा कात टाकायची तयारी असते. कोळ्याचं कवच अंगाबरोबर वाढत नाही. आत नवं तयार होतं आणि मग जुनं उतरवावं लागतं. त्या दिवसांत त्याला भूक नसते आणि जवळ कुणी आलेलंही खपत नाही. डबी पारदर्शक असेल तर बाजूने पोट दिसतंय का बघा. ताणलेलं, काळपट, तुळतुळीत दिसलं तर काम जवळ आलंय. शिवाय विषबाधा झालेला कोळी अडखळत, झटके देत चालतो. नीट बीळ खणून दार लावून घेणं त्याला सहसा जमत नाही. तेव्हा हे पिल्लू त्या फवारणीतून वाचलं असण्याची शक्यता बरीच आहे.

एक दृश्य मात्र तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण ते बघून भलेभले डबी कचऱ्यात रिकामी करतात. कात टाकताना टॅरँटुला उताणा पडतो. खाली रेशमाची पातळ गादी विणतो, पाठीवर होतो, आठही पाय वर आणि हालचाल जवळजवळ शून्य. बघणाऱ्याला तो मेलाच वाटतो. मग डोक्याकडची कवचाची ढाल कडेने उकलून झाकणासारखी वर येते आणि हातमोज्यातून बोटं काढावीत तसे एकेक करून पाय जुन्या कवचातून बाहेर सरकतात. पिल्लाचं हे काम बऱ्याचदा तासाभरात उरकतं. बाहेर आलेला जीव फिकट आणि इतका मऊ असतो, की नुसत्या बोटाच्या दाबानेही मरेल. विषाचे दात आधी पांढरे असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. ते काळे होईपर्यंत त्याला खाता येत नाही. म्हणून त्या दिवसांत डबीत जिवंत किडा टाकायचा नाही, कारण तो किडाच पिल्लाला कुरतडतो. उरलेल्या कातीत पायांच्या नळ्या, दातांची कवचं, अगदी पोटाचं आणि फुप्फुसांचं आतलं अस्तरसुद्धा असतं. तुटलेला पाय असेल तर तोही एकदोन काती टाकता टाकता परत येतो.

खऱ्या धोक्याची खूण वेगळी. पोट सुरकुतलेलं आणि पाय उताणं न पडताच अंगाखाली आवळून घेतलेले. कोळी पाय आत ओढतो तो स्नायूंनी, पण लांब करायला त्याला अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. पाणी कमी पडलं की दाब उतरतो, पाय आत वळतात. इवल्याशा पिल्लाच्या अंगात पाणी मावतं किती! जास्त पाण्यापेक्षा तहानेनेच पिल्लं जास्त दगावतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. तुमची लेक समजून बसली आहे की पाणी जास्त झालं. म्हणजे उरलेल्या पिल्लाला ती आता हात आखडून पाणी देणार. आईचं गप्प बसणं तिच्या वहीत निरीक्षण म्हणून नोंदलं गेलंय, आणि त्या चुकीच्या नोंदीवरून ती पुढचं ठरवणार आहे. त्यामुळे हा नुसता खरं-खोटं बोलण्याचा मामला राहिलेला नाही.

सांगा. ह्याच आठवड्यात सांगा, आणि पिल्लू ठेवायचं की नाही ही चर्चा त्याला जोडू नका. दोन्ही एका बैठकीत काढलंत तर तिला वाटेल की माफी मागता मागता सौदा चाललाय. वाक्यं साधी ठेवा: “पेस्ट कंट्रोलच्या दिवशी तू सांगून गेली होतीस. मी त्या माणसाला अडवलं नाही. दोन पिल्लं पाण्याने नाही, त्या औषधाने गेली असावीत.” एवढं बोलून थांबा. जिभेवर येणारं पुढचं वाक्य मला इथूनही ऐकू येतंय: “पण तू तरी आम्हाला विचारून आणलंस का?” ते खरंच आहे. तरी त्या दिवशी नको. ती दोन दिवस बोलणार नाही, दार आपटेल. आपटू दे. आणि भरपाई म्हणून दोन नवी पिल्लं मागवून द्यायचा मोह टाळा. का ते खाली सांगते.

मुद्दाम केलं की नुसतं अडवलं नाही, ह्यावर तुम्ही पत्रात बराच खल केलाय. तो तुमचा तुम्ही करत बसा, तिला त्याची गरज नाही. ‘अडवलं नाही’ एवढं तिला पुरेल.

‘असावीत’ म्हणा, ‘गेली’ म्हणू नका, असं मी मुद्दाम सांगतेय. झुरळांसाठीच्या फवारणीत बहुतेक करून पायरेथ्रॉइड गटातलं विष असतं आणि ते कोळ्यांनाही मारतं, हे नक्की. पण ती घरातली झुरळं खायला घालत होती. स्वयंपाकघरातल्या कपाटात झुरळं मारायच्या जेलचे ठिपके लावलेले असतात, ते चाटलेलं झुरळ पिल्लाच्या पोटात गेलं असेल तर तीही वाट तिथेच जाते. हे तिला कळायलाच हवं. ज्या घरात औषध मारतात तिथलं झुरळ, ट्यूबलाइटवरचे किडे, जिन्यातली पाखरं ह्यांतलं काहीच घालायचं नाही. पाळीव पक्षी-माशांच्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात, काही ठिकाणी पैदास केलेले रातकिडेही मिळतात. एवढ्या पिल्लाला आख्खी अळीसुद्धा जड जाते. अळीचा बारीक तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवला तरी ते ओढून नेतं. आठवड्यातून एकदा पुरतं, आणि दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं उचलून टाकायचं, नाहीतर बुरशी.

त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडचं मशीन, हिट-बिट बंद. पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणी गल्लीतून जाते, तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या. पेस्ट कंट्रोलच्या आदल्या दिवशी डबी एखाद्या मैत्रिणीकडे किंवा नातेवाइकांकडे पाठवायची आणि घर नीट पुसून, हवा खेळती करून मगच परत आणायची. सेक्रेटरींकडून तारीख आधी मागून घेण्याची जबाबदारी लेकीवर टाका.

आता येऊर. सोडून यायचं नाही, ताई. ‘जंगलात सोडलं म्हणजे पुण्य’ अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. तलावपाळीच्या तळ्यात कासवं सोडणारेही ह्याच समजुतीने सोडतात. पण मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या कोरड्या रानातला हा प्राणी. ठाण्याचा पाऊस त्याच्या बिळात शिरला की तो बहुधा मरेल. आणि नाही मेला तर ते अधिक वाईट. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मेक्सिकोकडचीच एक जवळची टॅरँटुला जात माणसांमुळे पोचली आणि तिथे रुजून बसली. शिवाय येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथून काही उचलायला बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे बाहेरचा जीव नेऊन टाकणंही तितकंच गैर, हे कुणी लक्षात घेत नाही. आपल्या सह्याद्रीत बिळं करून राहणारे टॅरँटुला आधीच आहेत. त्यांच्यात हा पाहुणा कशाला?

ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकलं ते ‘बिल नाही, कागद नाही’. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. मेक्सिकन रेड नी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोळ्यांच्या दोन दिसायला सारख्या जाती आहेत, ब्रॅकिपेल्मा स्मिथी आणि ब्रॅकिपेल्मा हॅमोराय. विक्रेत्याने कुठलीही दिलेली असो, हा सगळा ब्रॅकिपेल्मा वंश साइट्स ह्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. स्मिथी तर १९८५ पासून, कारण हौशी लोकांना विकण्यासाठी रानातून ती भरमसाट उचलली जात होती. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्सच्या यादीतले प्राणी तिच्यामुळे चौथ्या अनुसूचीत आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. परदेशी म्हणजे कायद्याबाहेर, असं विक्रेते बिनधास्त सांगतात. ते दिवस गेले.

म्हणून लेकीलाच त्या विक्रेत्याला लेखी विचारायला लावा: पिल्लं कुणाकडे जन्मली, आई-बाप कोळ्यांची नोंद कुठे आहे, बिल देणार का. उत्तर आलं तर नोंदणीच्या मागे लागा. टाळाटाळ झाली तर ओळखीच्या वकिलाशी बोलून ठाण्यातल्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचारा, पुढे काय करायचं ते. कदाचित पिल्लू द्यावंही लागेल. तसं झालं तर लेकीला त्रास होईल, पण डबी कपाटात लपवून काढलेल्या दिवसांपेक्षा तो बरा. आणि तो विक्रेता उद्या ‘इंडियन’ म्हणून काही देऊ करेल तर दुप्पट सावध. आंध्रातल्या गुटीच्या नावाने जगभर ओळखला जाणारा निळा टॅरँटुला, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, १८९९ मध्ये शास्त्राला कळला आणि आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. परदेशातल्या हौशींच्या घरी तो सर्रास आणि स्वतःच्या रानात दुर्मीळ. त्याचा आख्खा पोइसिलोथेरिया वंश २०१९ मध्ये साइट्सच्या यादीत गेला.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमच्या मनात पहिला होता. बरं का हे?

‘मैत्रिणी सोडून’ असं तुम्ही लिहिलंत. खरंच सोडल्यात का? दहावीनंतर शाळेतल्या मैत्रिणी वेगवेगळ्या कॉलेजांत पांगतात, अकरावीचं पहिलं वर्ष बऱ्याच मुलींचं एकटंच जातं, कोळी असो वा नसो. ती जेवते, झोपते, क्लासला जाते, अधूनमधून हसते, तर माझ्या मते काळजीचं कारण नाही. सगळ्यातूनच अंग काढून घेतलं असेल तर समुपदेशकाकडे जा, पण तेव्हा कोळ्याला आरोपी करू नका. रात्रीच बसते, कारण हे प्राणी रात्रीच हलतात. त्याला मोबाइल आणि मोबाइलवर बोलणाऱ्या मैत्रिणी ह्यांच्याशी तोलण्यात अर्थ नाही. वेळेचा नियम करा, अर्धा तास, मग दिवा बंद. सकाळी क्लास आहे.

आणि एकदा तुम्ही स्वतः शेजारी बसा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, स्नेहसंमेलनाच्या लाइटला लावतात तो. लाल उजेडाने त्यांना फारसा त्रास होत नाही. आठ डोळे असूनही ह्या कोळ्याची नजर मंद असते. तो जग ओळखतो ते पायांवरच्या बारीक केसांनी, हवेच्या आणि जमिनीच्या थरथरीने. कात टाकून दात काळे झाल्यावर पहिल्यांदा तुकडा घालाल ना, तेव्हा बघा. पिल्लू आधी तोंडाजवळच्या आखूड अवयवांनी मातीवर हलकेच टकटक करतं, एक पाय उचलून हवेत धरतं, मग डोळ्याचं पातं लवायच्या आत तुकडा गायब. खाणं तासन्‌तास चालतं. शेवटी न पचणारा चोथा बारीक गोळी करून डबीच्या कोपऱ्यात टाकून येतं आणि मग एकेक पाय तोंडाजवळ नेऊन साफ करत बसतं. त्या वहीत काय काय लिहिलंय ते तिलाच वाचून दाखवायला सांगा, परस्पर उघडू नका. तारीख, काय दिलं, खाल्लं की नाकारलं, कात कधी टाकली, एवढे चार रकाने नियमाने भरले तर वर्षाने तिला पिल्लाचं वेळापत्रक स्वतःलाच दिसेल. सध्या तपकिरी दिसतंय ते बऱ्याच काती टाकल्यावर गुडघ्यांना केशरी-लाल होईल. हा प्राणी फार सावकाश वाढतो.

सासूबाईंची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. विष माणसाला मधमाशीच्या डंखाइतपत. ह्या कोळ्याचं खरं अस्त्र पोटावरचे केस आहेत. मोठा झाला की पायांनी घासून ते हवेत उडवतो, कातडीला खाज सुटते, डोळ्यांत गेले तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. म्हणून डबीत डोकं घालायचं नाही, काम झालं की हात धुवायचे आणि हातावर खेळवायचं तर अजिबातच नाही. त्यात कोळ्याला काही आनंद नसतो आणि टेबलावरून पडला तर पोट फुटून मरतो. डबीला कुलूपबंद कपाट किंवा घट्ट झाकण द्या, हवेसाठी बारीक भोकं ठेवून. मुंग्यांचं मात्र सासूबाईंनाच विचारा. पूर्वी दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तीच युक्ती इथे लागते. डबी एका ताटलीत उंचावर ठेवायची आणि ताटलीत साबणाचं पाणी. मुंग्यांनी एका रात्रीत पिल्लू संपवल्याचे प्रकार होतात. आजी खोलीत शिरतील की नाही माहीत नाही, पण सल्ला दारातूनही देता येतो.

ठेवायचंच ठरलं तर मात्र एक हिशेब लेकीपुढे मांडा. हे पिल्लू मादी निघालं तर वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगू शकतं. नर असेल तर वयात आल्यावर फार टिकत नाही. कुठलं आहे ते एवढ्या आकारात सहसा सांगता येत नाही, पुढे मोठ्या कातीच्या आतली बाजू भिंगाखाली बघून कळतं. दीड वर्षाने ती कॉलेजसाठी पुण्याला किंवा आणखी कुठे गेली तर आठवड्याला अळीचा तुकडा कोण घालणार? तुम्ही. हे तुम्हाला मान्य आहे का? नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे कागद झाल्यावर नोंदणी असलेल्या कुणा अनुभवी माणसाकडे रीतसर हस्तांतर करायचा विचार करता येईल.

आणि तिला आणखी कोळी हवे असतील तर विकत कशाला? तुमच्या बाथरूममधला तो मोठा चपटा तपकिरी कोळी, ज्याला तुम्ही झाडूने हाकलता, तो झुरळं खातो. त्याची मादी अंड्यांची चपटी गोल थैली पोटाखाली धरून दिवसचे दिवस फिरते. खिडकीच्या गजावरचा उड्या मारणारा बारका कोळी तर उलट तिच्याकडे मान वळवून बघेल, त्याची नजर तीक्ष्ण असते. पावसाळा सरता सरता येऊरच्या रस्त्याकडेला जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी रेघ विणणारे कोळी दिसतात. तिला घेऊन जा, वही बरोबर असू दे, डबी नको.

नवं पिल्लू कागदांशिवाय घरात येणार नाही, हा नियम मात्र तुमचा, त्यावर चर्चा नाही. ती वाद घालेल. तेव्हा परिवेशवरचे नियम तिलाच काढून वाचून दाखवायला सांगा. कायद्यातली पळवाट शोधायला बसली तरी चालेल, निदान नियम तरी सगळे वाचून होतील.